पत्ता कोणी दिला

खारघरच्या प्रयोगशाळेत, तळमजल्यावर,
मी उंदरांची हाडं कापतो.
आधी दोन आठवडे द्रावणात बुडवून
त्यांतला चुना काढून घ्यायचा,
मग मेण, मग पातं.
रंग चढला की मोडणाऱ्या पेशी जांभळ्या होतात.
बांधणाऱ्या होत नाहीत, त्या कडेने ओळीत बसलेल्या असतात,
जेवणाच्या सुट्टीत बांधावर बायका बसाव्यात तशा.

अकरा वर्षं झाली. घरात कुणी विचारलं नव्हतं
मी नक्की काय करतो.

हौसाआत्याने विचारलं,
बोन स्कॅनचा कागद उजेडाकडे धरून.
कागदावर तीच होती, राखाडी, पुढून आणि पाठून,
कमरेत दोन ठिपके काळे, बरगडीत एक.
"गाठ त काढली ना सा वर्सांपूर्वी?
मंग कंबरेन कशी आली?
तिला पत्ता कोनी दिला?"

उत्तराची नावं मला पाठ होती,
इंग्रजी अक्षरं, पुढे आकडे,
नळ्यांवर मीच चिकटवतो ती.
त्यातलं एकही तोंडातून बाहेर येईना.

आत्या मिठागरात वाढलेली.
म्हणून म्हटलं, हाड हे आगरच समज.
दगड नव्हे. रोज कुठेतरी फुटतं, रोज कुठेतरी लिंपलं जातं,
आणि आत, मज्जेत, एक हाक सतत चालू असते,
रक्तात भटकणाऱ्या आपल्याच पेशींना घरी बोलावणारी.
गाठीतून सुटलेल्या काहींना
तीच हाक ऐकू येते.

"म्हंजे माझ्याच हारांनी बोलावली?"

मी पाणी प्यायलो.

पुढचं सांगायला हवं होतं, सांगितलं.
की ती आली तरी स्वतः हाड खात नाही.
ती बांधणाऱ्यांच्या कानाशी लागते.
बांधणारे मोडणाऱ्यांना निरोप धाडतात,
मोडणारे इमानी, निरोप आला की कामाला लागतात,
आंबट सोडतात, उघाडी उघडतात,
आणि बांध घालताना त्यात जे जे पुरून ठेवलेलं,
वाढीचं, भरणीचं, वाईट दिवसांसाठीचं,
ते मोकळं होऊन वाहतं
थेट तिच्या तोंडात.
ती वाढते. पुन्हा कानाशी लागते.

आत्याने कागदाची घडी घातली.
मला वाटलं, ती आता टेकडीचं काढणार,
सुरुंगांचं, विमानतळाचं,
सरकारी पाकीट गावात आधी कुणाच्या घरी आलं त्याचं.
नाही काढलं.
"मोडनाऱ्यांचा काय दोस नाय मंग," एवढंच म्हणाली,
आणि मशेरीची डबी शोधायला उठली,
कमरेवर हात ठेवून, भिंतीला धरून.

इंजेक्शन दर चार आठवड्यांनी, दंडात.
त्याआधी दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं,
नंतर दात काढला तर जबडा भरून यायला त्रास होतो म्हणून.
आत्या हसली. उरलेले नऊ
मोजून दाखवले त्याला.

"यानी मरंल ती?"
नाही. हे फक्त निरोप धरतं,
बांधणाऱ्यांकडून निघालेला,
मोडणाऱ्यांपर्यंत पोचायच्या आत.
"पोस्टमनला वाटंन अडवायचा."
हो.
"आनि चिट्ठी लिवनारी तशीच बसलेली."
तिच्यासाठी गोळ्या वेगळ्या आहेत, म्हटलं.
आत्या बघत राहिली माझ्याकडे,
उंदरांच्या हाडांवर पोट असलेल्या माणसाकडे,
बराच वेळ.

चौथ्या इंजेक्शनला नवा फॉर्म आला.
सिस्टर विचारत गेली, मी सांगत गेलो,
नाव हौसाबाई काथोड घरत, वय एकसष्ट,
साखर नाही, बीपी आहे.
कायमचा पत्ता?
मी सेक्टर सांगायला तोंड उघडलं.
आत्याने मधेच
उलव्याच्या टेकडीखालचं गाव सांगितलं,
वरची आळी, विहिरीच्या अंगाचं घर.
तिथे आता टेकडीही नाही.
सिस्टरने लिहिलं सगळं नीट, अक्षर चांगलं होतं तिचं,
आणि पिनकोड विचारला.
आत्याने माझ्याकडे पाहिलं.
मला आठवेना.
तोवर तिने दंडावरची बाही वर सरकवली होती.